येळवशीला गावात राहिलेली

मागच्या वर्षी वेळ अमावस्येला, पहिली बैलगाडी रानाकडं निघाली तेव्हापासून दिवस कलेपर्यंत, सोजर नावाच्या सव्वीस वर्षांच्या बाईवर आमच्या गावानं अन्याय केला. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. सगळं गाव जेवायला रानात गेलं आणि तिला तेवढं घरी ठेवलं. गाव अणदूरपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं तर शेजारची गावं सुटल्यासारखी हसतील, आणि मला कुणालाच सोडायचं नाही.

मी या गावच्या शाळेवर बाई आहे. त्या दिवशी मीही रानातच होते. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला वेगळं काढणार नाही.

पुन्हा ते दिवस आलेत. शाळेच्या मागचा जोंधळा पुरुषभर उंच झालाय. वाऱ्यानं त्याची पानं एकमेकांवर घासतात तेव्हा वर्गाबाहेर कुणी कोरं कापड फाडत बसलंय असं वाटतं. बांधाला करडई पिवळी झालीय. सकाळी हरभऱ्यातून चालत गेलं की पातळाचा काठ आंबट होतो. पोरं पानांवरची आंब बोटानं पुसून चाटतात आणि तोंडं वाकडी करतात. दोन-चार दिवसांत घरोघर ताकातल्या आंबिलीचं पीठ भिजत पडेल आणि त्याचा वास माझ्या खोलीपर्यंत येईल. तुळजापुरातनं इथं आले तेव्हा मला तो वास फार आवडला होता. आता तो आला की मी खिडकी लावून घेते.

पुण्यामुंबईच्या वाचकाला येळवस, म्हणजे ही वेळ अमावस्या, सांगावी लागेल. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं गावात माणूस राहत नाही. रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, करतात, कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. पूजा झाली की उभ्या पिकावर आंबील शिंपत, आरोळ्या देत बांधाबांधानं फिरतात. त्या आरोळ्या अर्ध्या कानडी आहेत, त्यांचा अर्थ मला अजून कुणी धड सांगितलेला नाही. मग पालेभाज्या नि ओले दाणे बेसनात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि पुन्हा आंबील. पण या दिवसाचं खरं मोठेपण हाक मारण्यात आहे. वाटेनं जो जाईल त्याला बांधावरून हाक मारायची, बसवायचं, वाढायचं. ओळख लागत नाही. जात विचारत नाहीत असंही म्हणतात. कोण कोपीत बसतो आणि कोणाला बांधावर वाढतात ते मी पाहिलंय, पण हाक सगळ्यांना जाते हे खरं. हैदराबादच्या सडकेवरून चाललेला ट्रक अडवून, पगडीवाल्या ड्रायव्हरला खाली उतरवून आंबील पाजलेली मी पाहिलीय. त्याला मराठीचा शब्द येत नव्हता. मिशीला लागलेली आंबील पुसत तो नुसता हसत होता, आणि बायका म्हणत होत्या, "आजून वाढ गं, लांबून आलाय त्यो."

लांबून आलेल्याला हाक गेली. चार घरं पलीकडच्या सोजरला गेली नाही.

ती पहिल्यांदा माझ्याकडं आली त्याला आता दोन वर्षं होतील. तिच्या मुलीचं अंगावरचं पिणं तेव्हा तुटत आलं होतं. शाळा सुटल्यावर फळ्यापाशी येऊन उभी राहिली, पदर बाजूला केला आणि म्हणाली, "बाई, तुमाला वाचाया येतं. हे काय आसंल?" वाचता येणाऱ्याला सगळंच कळत असणार असा तिचा सरळ हिशोब. गाठ सुपारीएवढी होती. दुखत नव्हती, म्हणून तिनं बरेच महिने घरात काढले होते. सोलापूरच्या डॉक्टरांनी हात लावला आणि मान खाली घालून सांगितलं, मुंबईला न्या, आणि उद्याचं परवा करू नका.

सोजरच्या घरात मुंबईचं नाव काढायची ऐपत नव्हती. नवरा सोलापूरला गिरणीत बदली कामगार. घरात सासू, मुलगी आणि कोरडवाहू तुकडा. मग मला जे येत होतं ते मी केलं. पत्रक लिहिलं.

पत्रकं लिहायला मी संयुक्त महाराष्ट्राच्या सभांसाठी शिकले. वडील तुळजापूरच्या कचेरीत कारकून, त्यांच्या दौतीतली शाई चोरून. पत्रकाचा कायदा सोपा असतो. वरती अन्याय लिहायचा, खालती मागणी लिहायची, आणि मागणीला वचन जोडायचं. वचनाशिवाय ऐकणारा जागचा हलत नाही. म्हणून सोजरच्या पत्रकात मी शेवटी लिहिलं, "जशी होती तशी तिला परत आणू."

दुखण्याचं नाव मात्र लिहिलं नाही. "एका तरुण भगिनीचे गंभीर दुखणे", एवढंच. सरकारला काय काय म्हणताना माझी लेखणी कधी अडखळली नव्हती, आणि बाईच्या अंगाचा एक साधा शब्द लिहायच्या जागी ती थांबली.

सुगी चालू होती. जोंधळ्याची मळणी लागली होती. मी पत्रक घेऊन धान्य मागत खळ्याखळ्यावर गेले. धसकटांनी पाय सोलून निघाले, भुसा डोळ्यांत, केसांत, गळ्यात. एका खळ्यावर मी मोठ्यानं वाचायला लागले तर उफणायला उंच तिवईवर उभे असलेले म्हातारबा वरूनच ओरडले, "बाई, वारं सुटलंय! भाषन आवरा, न्हाय तर तुमच्यासंगं भुसकाट बी माज्या ताटात यील." सगळं खळं हसलं. आणि त्याच म्हाताऱ्यानं खाली उतरून पायली भरली, वर शीग लावली, सांडली तर पुन्हा लावली. पुरुषांचं मापून झालं की बायका मागून यायच्या. ओंजळीनं टाकायच्या. टाकताना माझा दंड धरून हळूच विचारायच्या, "लई दुखतं का वो बाई? कुठंशी आसती गाठ?" विचारताना एक हात आपल्याच पदराखाली गेलेला असायचा. मी ते दिसलं नसल्यासारखं करायची. आज वाटतं, तिथंच बसायला हवं होतं. त्या ओंजळी तिथंच थांबवून, पदराखालच्या त्या हातांशी बोलायला हवं होतं. पण मला पुढचं खळं गाठायचं होतं.

गाव दिलदार आहे. हे मी आजही शपथेवर सांगेन. धान्य विकून सोजरची आणि सोबत जाणाऱ्या तिच्या भावाची मुंबईची सोय झाली. ऑपरेशन झालं, विजेचा शेक झाला, आणि ती आषाढात परत आली.

एस.टी. थांबते तिथं बायका जमल्या होत्या. मीही होते, पुढारी असल्यासारखी पुढं. सोजर उतरली ती दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट ओढून. कुणी ओवाळलं, कुणी पोरगी तिच्यापुढं केली. पण सगळ्यांचे डोळे एकाच जागी जात होते आणि परत येत होते. घराच्या उंबऱ्यापर्यंत आम्ही गेलो. तिथं तिची सासू, गोदामाय, मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, तुमच्या कागदावर काय लिवलं व्हतं?"

"जीव वाचला, गोदामाय."

"जीव वाचला, व्हय. न्हाय कुठं म्हन्ते म्या. पर जशी नेली तशी आनू म्हन्ला व्हतात. म्या समद्या गावाला तसंच सांगत बसले."

मी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाले. उत्तर दिलं असतं तर तेही पत्रकातलंच एखादं वाक्य निघालं असतं.

त्यानंतर जे झालं त्याला दिवस-वार सांगता येणार नाही. आडावर सोजर गेली की बाकीच्यांच्या घागरी लवकर भरायला लागल्या. जात्याचा खुंटा दुसऱ्या बाजूनं धरायला कुणी येईना. पंचमीच्या झोक्याला तिला कुणी नको म्हणालं नाही. कुणी ये म्हणालं नाही. नवरा सणाला यायचा, बाजेवर बसायचा, मुलीशी बोलायचा, निघताना बायकोकडं न बघता चपला शोधायचा. कुणालाही, तिला एक वाईट शब्द बोललास का, असं विचाराल तर सगळे देवाशप्पथ नाही म्हणतील, आणि ते खरंच असेल.

मग येळवस आली.

मला पाच ठिकाणचं बोलावणं होतं. पाटलांच्या रानात आम्ही बसलो होतो. कोवळं ऊन, अंगाखाली कडबा, पुढ्यात भज्जीचं पान. शेजारचं रान सोजरच्या घरचं, म्हणून गोदामाय नातीला कडेवर घेऊन आमच्या पंगतीला आली. मी सहज विचारलं, "सोजर कुठंय?"

"घरी हाय."

"बरं नाही का?"

गोदामायनं नातीचं नाक पुसलं. मग खाली बघत म्हणाली, "जोंधळा दुधात हाय, बाई. आशा रानात तिला कशी आनू?"

मी बांधाकडच्या कणसांकडं बघितलं, तेव्हा कळलं. कणसात दाणा धरत होता, दाबला तर पांढरा चीक येत होता. आणि सोजरला एक स्तन नव्हता. दुधातल्या पिकातून अशी बाई फिरली तर कणसं पोचट राहतील, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. कुठल्या पोथीत हे नाही. मी पुजाऱ्यांच्या गल्लीत वाढले, मी असलं कधी ऐकलेलं नाही. त्या साली, त्या बांधावर, भीतीनं ते नवं जन्माला घातलं होतं, आणि तरी पंगतीतल्या सगळ्या बायकांनी अशा माना हलवल्या जणू आजीपणजीपासून चालत आलंय. एक जण वातावरण सावरायला म्हणाली, "खावा बाई, उंडा गार व्हतोय."

मी खाल्ला. उठून ओरडले नाही. चौकात उभं राहून सरकारचा निषेध करणारी मी, भज्जी संपवली, आंबील प्याले, हात धुतले, आणि मग गावाकडं निघाले.

येळवशीच्या दुपारचं गाव मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दारांना कड्या. रांजणावर एक कावळा. कुत्रीसुद्धा गाड्यांमागं रानात गेलेली. आपल्याच चपलांचा आवाज भिंतींवरून परत येत होता. सडक किती लांब, पण तिच्यावरच्या ट्रकचा भोंगा घराघरातून कुणी वाजवत गेल्यासारखा ऐकू आला. इतकी माणसं एकदम नसली की त्यांच्या नसण्याचंही वजन होतं. मी इथं एकटी राहते, वर्षानुवर्षं खोलीत एकटी जेवते, तरी एकटेपणाची ओळख मला त्या गल्लीत झाली.

सोजर भिंतीला तोंड करून उभी होती. डाव्या हाताची बोटं भिंतीवरून मुंगीसारखी वर चढवत होती. दवाखान्यातल्या नर्सनं हा व्यायाम दिला होता. बोटं जिथंवर पोचतील तिथं खूण करायची, दुसऱ्या दिवशी तिच्या वर जायचं. भिंतीवर कोळशाच्या रेघा, एकावर एक. चाहूल लागली तशी ती वळली.

"कोन? बाई? आँ, तुमाला बी हाकलली का काय?"

मला हसावं की काय कळेना. ती मात्र हसली.

"बसा. आज गावची पाटीलकी माज्याकडं हाय. चोर आला तर भज्जी वाढीन म्हन्ते. तेवढीच सोबत."

एकटीपुरती भज्जी तिनं केली होती. मी जेवून आलेय हे सांगवेना. पुन्हा जेवले. जेवता जेवता ती मला एक गंमत सांगायला लागली. चोळीत एका बाजूला काही नाही म्हणून तिनं कापसाची पुरचुंडी शिवली, ती हलकी, वर सरकायची. मग तिनं राळ्याचे बारीक दाणे भरले. वजन बरोबर झालं. "आन् एक दिस आडावर पानी शेंदतीय, तर मुंग्या! समद्या आंगावर मुंग्या! बायका म्हन्त्यात, सोजे, नाचतीस का काय? काय सांगू त्येंना, राळ्याला लागल्यात म्हनून?" हसता हसता तिला ठसका लागला, तसा तिनं तांब्या तोंडाला लावला.

मग म्हणाली, "हात बघा." भिंतीशी गेली. बोटं चढत गेली, शेवटच्या रेघेच्या वर गेली, कपाळाच्या वर गेली. "नर्सबाई म्हनली व्हती, डोक्याच्या वर गेला की घरच्यांस्नी दाखव. सकाळधरनं गेलाय. दावायला कुनी नव्हतं." तिनं कोळसा घेऊन रेघ ओढली. "तुमी बघितला. बास झालं."

माझा संताप तिथं उफाळून आला. म्हटलं, मी हे लिहिते, सगळ्या जिल्ह्याला कळू दे, गोदामायचं नाव घालते, पाटलांचं घालते. तिनं माझ्याकडं पोरीकडं बघावं तसं बघितलं.

"लिवा. माजं नाव घाला. पर ह्या बारीला खोटं न्हाय लिवायचं."

"मी खोटं कधी..."

"जशी व्हती तशी. तुमी लिवलंत, लोकांनी जोंधळा घातला. आता मला बघितलं की त्येंना वाटतं, त्येंच्या वाट्याचं म्या कुठंतरी टाकून आले."

वर्षभर मी हे लिहू शकले नाही. गावावर लिहायला बसायची आणि बोट माझ्याकडं वळायचं. गावाची भीती अडाणी होती, पण तिला खतपाणी माझ्या सुशिक्षित वचनानं घातलं. मी त्यांना सोजर विकली, अखंड म्हणून. माप शीग लावून देणाऱ्या हातांना मी कधी सांगितलं नाही की वाचलेलं माणूस उणं होऊन येतं, थकून येतं, रडकं होऊन येतं, आणि तेव्हा त्याला पायलीचा उपयोग नसतो. ते सांगितलं असतं तर कदाचित थोडं कमी धान्य आलं असतं. कदाचित नसतं. त्या हळूच विचारणाऱ्या बायकांना खरं पेललं असतं असं मला आता वाटतं.

तर या बारीला खरं लिहिते. सोजरला स्तनाचा कर्करोग झाला. तिचा डावा स्तन काढला. ती जशी होती तशी नाही आणि होणार नाही. डाव्या हातानं तिला भरली घागर उचलत नाही. हा रोग शिवल्यानं लागत नाही, जात्याच्या खुंट्यातून येत नाही, आणि मागच्या साली तिचा पाय रानात न लागताही त्या बांधावरची निम्मी कणसं पोचट निघालीच. पाऊस कमी पडला होता. सोजर मुलीची वेणी घालते, अंगणात तूर भरडते, आणि कुणी आलं तर हसवते. कुणी येत नाही.

हे आज लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर फळ्यापाशी पुन्हा एक बाई येऊन उभी राहिली. सोजरपेक्षा लहान. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नाही. आमच्याच गावची सून. नाव लिहीत नाही, कारण तिनं घरी अजून सांगितलेलं नाही. गाठ अजून लहान आहे. मी म्हटलं, उद्याच सोलापूर, मी बरोबर येते, वेळेत गेलीस तर सोजरपेक्षा सोपं जाईल. ती खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिली.

"दवाखान्याचं भ्या न्हाय, बाई. सोजरक्का जाऊन आलीच की."

"मग?"

"माघारी आल्यावरचं हाय. तिच्यावानी भिताडासंगं बोलत बसायचं, त्यापरीस हाय तशी ऱ्हाते. जितके दिस हायेत तितके समद्यांत तरी काढीन."

मी खूप बोलले. माझं बोलणं तिच्या अंगावरून पाण्यासारखं ओघळलं. शेवटी दारात जाऊन ती वळली. "येळवस हुंद्या. सोजरक्काला कुनी रानात नेली, तर म्या तुमच्यासंगं सोलापूरला येते. न्हाय नेली तर तुमी मला ह्यातलं कायबी इचारायचं न्हाय."

हा तिचा सौदा. ती त्या दिवशी बघत असणार. कुणाच्या गाडीत, कुणाच्या कोपीत बसून, ते तुम्हा गावकऱ्यांना कळणार नाही. मी सोजरला नेऊन चालत नाही. मला ना रान, ना कोप, आणि परगावच्या बाईची सोबत गावात सोबत म्हणून धरत नाहीत. न्यायचं तर तुम्हीच.

यंदा मी तुमच्या खळ्यावर येणार नाही. पायली नको, ओंजळ नको, पत्रकाखाली सही नको. ज्यांना हा लेख दुसऱ्या गावात वाचायला मिळेल त्यांनी आपल्या गावातली सोजर शोधावी. कुठं ना कुठं दवाखान्यातून आलेली, पदर दोन्ही खांद्यांवर ओढून बसलेली बाई असेल. जोंधळ्याची भीती वाटत असेल तर वाटू द्या. भीत भीत न्या. चार कणसं पोचट निघाली तर माझ्या दारात आणून टाका, मी भरून देईन.

येळवशीला सकाळी गाडी जुंपली की सोजरच्या दारापुढं बैल थांबवा. खाली उतरा. तिचा डावा हात ओढू नका, उजवा धरा. गाडीत चढवा, आणि मागच्या टोकाला पाय सोडून नव्हे, बायकांच्या मधोमध बसवा.